गस कोवाचची दुसरी फेरी

१२ एप्रिल १९७४, शुक्रवार

गस कोवाच आमच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर! पंधरा वर्षं कॅचर म्हणून उकिडवा बसला, आता म्हणे उभं राहून डोकं चालवणार. कुठलं डोकं?

स्टेडियमच्या फाटकाबाहेर त्याचा पुतळा आहे. त्या पुतळ्याला विचारलं तरी जास्त शहाणपणाचं उत्तर मिळेल. आज पहिलं भाषण — "पोरांनो, समोरच्यांपेक्षा एक रन जास्त काढा." बस्स! सूर्यफुलाच्या बिया थुंकला आणि गेला. उद्या पेपरवाले हेच चौकटीत छापतील.

नऊ वर्षं पिचर म्हणून मी बॉल टाकले आणि कॅचर म्हणून त्याने झेलले. हा माणूस मला नवीन नाही.

९ जून, रविवार

सरावात आमच्या कॅचरला हाकललं आणि स्वतः बसला. गुडघे कधीच गेलेत! बसताना "आई गं" आणि उठताना दोन माणसं लागली. माझे दहा बॉल घेतले — डोळे मिटून. नाटकी म्हातारा.

"डाव्या, तुझ्या बॉलचा आवाज बदललाय."

"कान तपासून घे, गस."

"कोपर दुखतं का रे?"

"नाही."

दुखतं. नोरीनलाही सांगितलेलं नाही. बायकोला कळलं की साळ्याला कळणार, साळ्याला कळलं की गावाला. वय छत्तीस. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते मालक सप्टेंबरात ठरवणार. दुखऱ्या हाताच्या पिचरला सरळ नारळ देतात.

१८ जुलै, गुरुवार

सलग सहावी हार. गस बाकावर झोपला होता. घोरत होता!

१८ ऑगस्ट, रविवार

पहिलं पान फाडून टाकलं. रागाने.

आठवी इनिंग. तोवर माझा बॉल मारून बेस गाठणारी हिट त्यांच्या एकालाही मिळालेली नाही. एकालाही! सोळा वर्षं हेच एक मागत आलो — आख्खी मॅच, नऊच्या नऊ इनिंग, एकही हिट न देता. आणखी फक्त पाच जण बाद करायचे होते. चाळीस हजार माणसं उभी.

गस लंगडत आला. "बॉल दे, डाव्या."

"तोंड सांभाळ. आज मला इथून हलवलंस तर सगळ्यांसमोर हात उचलीन."

गस लंगडतच परत गेला. मी दोन बॉल टाकले. आणि हा पुन्हा निघाला!

नियम आमच्या मैदानातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. कॅचर हवं तितक्यांदा पिचरशी बोलायला येऊ शकतो. मॅनेजर एकाच इनिंगमध्ये दुसऱ्यांदा आला की पिचर बाहेर. मी ओरडतोय, "मागे फिर, गाढवा!" रेषेपाशी पंच हॅलरनही त्याच्याशी काहीतरी बोलला. पण स्वारी येतेच आहे, हसत हसत. "अरेच्चा! मी आता कॅचर नाही, नाही का? विसरलोच!"

मी बॉल त्याच्या छातीवर फेकून मारला. त्याने त्या वाकड्या बोटांनी एका हातात झेलला. माझ्यानंतर आलेल्याने पहिल्याच फेकीला हिट दिली. मॅचही गेली.

१९ ऑगस्ट, सोमवार

पेपरवाले दारात. मी काही हातचं राखलं नाही — "म्हाताऱ्याला भ्रम झालाय. त्याच्या हातात संघ काय, साधी किल्लीसुद्धा देऊ नका." पहिल्या पानावर आलंय! शेजारी गसचं एकच वाक्य — "विसरलो, माझी चूक."

२१ ऑगस्ट, बुधवार

गसला काढलं. मालकाने माझंच वाक्य वाचून दाखवलं म्हणे. पुतळा मात्र ठेवणार आहेत, त्याला निदान काही विसरायचं नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

सकाळी कॉफीचा कप उचलेना.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेलो, खोटं नाव सांगून. कोपरातला स्नायुबंध एका धाग्यावर आहे म्हणाला. "आणखी दहा-बारा बॉल टाकले असतेत तर कायमचा गेला होता." आता चार महिने बॉलला हात लावायचा नाही.

म्हणजे त्या येड्याच्या येडेपणाने वाचलो! हसावं का रडावं. संघात पाठ धरल्याचं सांगितलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पुढच्या वर्षीचा करार झाला! मालक स्वतः म्हणाला, "त्या दिवशी तुझ्यावर अन्याय झाला, रॉय. हात अजून असा चालतोय म्हटल्यावर तुला कोण सोडेल?" संध्याकाळी सगळ्यांना जेवू घातलं. मी गसची नक्कल केली — लंगडत येणं, "अरेच्चा, विसरलोच!" नोरीनचा भाऊ हसून खुर्चीतून पडला.

२९ सप्टेंबर, रविवार

बेकरीत पंच हॅलरन भेटला. मी त्यालाही नक्कल करून दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, "मी त्याला रेषेपाशीच अडवलं होतं. म्हटलं, गस, ही दुसरी फेरी आहे, तुझा पिचर जाईल. तर म्हणाला, माहितीय. कुणी विचारलं तर मी विसरलो म्हणून सांग. त्याच्या हाताचं नाव काढू नकोस."

घरी येऊन गसला फोन लावला. त्याने उचलला. "कोण?" म्हणाला. मी फोन ठेवून दिला.