बुधवारचा पांढरा शर्ट

३ जून, सोमवार

सोमवारचा खाकी शर्ट. आणि निघायच्या आधीच डाग! आमचा नावाडी बापा तादेउस (बापा म्हणजे काका), त्याच्या होडीचं इंजिन सुरू होताना काळा धूर ओकतं, तो नेमका माझ्या खांद्यावर. पहाटे उठून कडक इस्त्री केली होती.

इबू हर्मिना — म्हणजे हर्मिनाबाई, आमच्या मुख्य परिचारिका, या दौऱ्याच्या प्रमुख — लगेच म्हणाल्या, "निको, हा काय अवतार? उभा राहा, फोटो." रोज सकाळी त्या-त्या वाराला नेमून दिलेल्या सरकारी शर्टात माझा फोटो निघणार. फोटो अहवालाला जोडणार, खाली इबूंचा शेरा. त्या शेऱ्यावर माझी कायमची नोकरी. नऊ वर्षं हंगामी आहे. सप्टेंबरात वयाची पस्तीस पूर्ण, मग दार कायमचं बंद.

सात बेटं, गोवराची लस, चार शर्ट. लस टोचणं सोपं आहे.

होडीत चढताना फोन पाण्यात पडला. गेला तो.

५ जून, बुधवार

बुधवारी पांढरा. असा नियम करणाऱ्याला एकदा या होडीत बसवलं पाहिजे.

बेटावर गोडं पाणी प्यायलाच पुरत नाही, धुवायला कोणत्या तोंडाने मागू? समुद्रात धुतला. वाळल्यावर पापडासारखा कडक, काखेत मिठाच्या रेघा. इबूंनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "आया तुझ्या हातात पोरं देतात ती शर्ट बघून. तुझी प्रमाणपत्रं कोण बघतंय?" पटलं. म्हणूनच जास्त लागलं.

६ जून, गुरुवार

हातमागाचा शर्ट. कुंपणावर वाळत घातला होता, बकरीने उजव्या बाहीचं टोक खाल्लं. दिवसभर बाह्या दुमडून फिरलो. बापा तादेउस सुकाणूवरून ओरडला, "काय नवरदेव, वऱ्हाडाला जेवण कमी पडलं का?" सगळा किनारा हसला. मीही हसलो, काय करणार!

१० जून, सोमवार

या गावात इस्त्री मिळाली — निखाऱ्यांची, चर्चच्या स्वयंपाकघरातली. करवंटीचे निखारे भरले, नीट फुंकले, आणि एक ठिणगी थेट खाकीच्या खिशावर. पावट्याएवढं भोक. वर नावाचा बिल्ला लावला. इबूंनी फोटोआधी तो बिल्ला उचलून पाहिलाच! वहीत काय लिहिलं ते मला दिसलं — पोशाख व शिस्त : साधारण.

साधारण म्हणजे नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आज एकशे बेचाळीस मुलं. एकालाही रडू न देता टोचली म्हटलं तरी चालेल. ते कुठल्या रकान्यात बसत नाही.

१२ जून, बुधवार

पांढरा. मिठाच्या रेघा गेल्याच नाहीत.

इथे गावामागच्या टेकडीवरच फोन लागतो. दुपारी इबू आकडे कळवायला वर गेल्या. तासाभराने उतरल्या आणि बर्फाच्या पेटीवर बसून राहिल्या. "इबू, पाय दुखतात का?" "नाही रे." जेवताना मका आणि वाळकी मासळी. आपली मासळी त्यांनी माझ्या ताटात सरकवली. कधी नव्हे ते!

१३ जून, गुरुवार

फोटो नाही. "राहू दे आजचा," म्हणाल्या. अन् मी तासभर बसून बाही शिवली होती! पाहिलीसुद्धा नाही.

बोलणी खात होतो तोवर बरं चाललं होतं. आता बोलतही नाहीत. म्हणजे माझ्या नावावर काट मारून झाली.

१५ जून, शनिवार

आजही फोटो नाही. तरी इस्त्री केली. कसाव्याच्या कंदाची खळ घातली तर कॉलरला मुंग्या लागल्या. बापा तादेउस म्हणाला, "सोड की आता. कोण बघतंय?" त्याच्याही कानावर माझं साधारण गेलं असावं.

१७ जून, सोमवार

सहाव्या बेटावर बायका पोरं द्यायला तयार नाहीत. मागे कुणी टोचून गेलं, दोन लेकरं तापाने फणफणली, त्याचा राग. इबूंनी समजावलं, बापा तादेउसने दरडावलं. कोणी हलेना. मग एक म्हातारी पुढे आली, माझ्या बाहीच्या घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा सरकारचा माणूस आहे गं. उद्या काही झालं तर जाब विचारायला सापडेल. द्या पोरं."

रांग लागली. सत्त्याऐंशी!

मला वाटलं इबू आतातरी काही म्हणतील. त्या तोंड फिरवून उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या की काय, कोण जाणे. वारा होता.

१८ जून, मंगळवार

शेवटचं बेट झालं. उद्या घर.

संध्याकाळी अघटित घडलं. इबूंनी माझ्या पिशवीतून पांढरा शर्ट काढला, पावसाच्या पाण्याची टाकी असलेल्या घरी जाऊन स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केली. आधी इस्त्रीखाली केळीचं पान फिरवून काजळी पुसली — हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी म्हटलं, "इबू, द्या इकडे, मी करतो." "बस गप." एकही रेघ उरली नाही.

माझा शेरा बदलला असेल का? लिहू नये असं. पण सत्त्याऐंशी पोरं त्यांनी पाहिलीत. बदलला असेल. देवा, बदलू दे.

१९ जून, बुधवार

धक्क्यावर आमच्या भांडारातला हंगामी कारकून यान्सेन भेटला. बुधवार असून फुलाफुलांच्या शर्टात! मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अरे, तू अजून यातच? हंगामी सगळे बंद, एक जूनपासून. बारा तारखेलाच कळवलं ना सगळ्यांना."

एक जून. आम्ही निघालो तीनला.

इबूंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. म्हणाल्या, "बाराला सांगितलं असतं, तर पुढच्या तीन बेटांवर आला असतास का रे?"

"आलो असतो," म्हटलं.

नसतो आलो.