गच्चीच्या जिन्यातला बल्ब

१२ जानेवारी

अखेर सुरतेत येऊन दाखल झालो! डिंडोलीत गोपालभाऊंच्या घराच्या गच्चीवर खोली मिळाली. एक कॉट, एक टेबल आणि माझी खोकी आत आली की संपली खोली, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की अख्खी गच्ची माझी. जालन्याहून निघताना मनीषाताई हसत होती, म्हणे कपड्यांची एक पिशवी आणि दुर्बिणीची चार खोकी, हा असला कसला भाऊ! हसू दे. उद्यापासून दिवसा डाइंग मिलच्या लॅबमध्ये कापडाचे रंग जुळवायचे आणि रात्री आकाशातले शोधायचे.

खालच्या मजल्यावर गोपालभाऊ, त्यांची बायको योगितावहिनी आणि आई प्रमिलामावशी असे तिघे राहतात. मूळचे अमळनेरकडचे, घरात अहिराणीच चालते. गोपालभाऊंनी एकच अट घातली. जिन्यातला दिवा रात्रभर चालू राहणार, त्याचं बटण खाली त्यांच्या घरात आहे. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि त्यांना कधीही गच्चीवर यायची सवय. मी बिनधास्त हो म्हणालो.

१४ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती, पतंगांनी आकाश भरलेलं. माझं सामान मांज्यात अडकू नये म्हणून दिवसभर राखण केली. मावशी दुर्बिणीच्या काचेत वाकून बघत म्हणाल्या, "इतला मोठा डोळा नि चष्मा नही?" सगळी गच्ची हसली. रात्री त्यांनी स्वतः आल्याचा चहा आणून दिला. आता रोज आणणार म्हणाल्या. वहिनी रागावल्या, जिने चढू नका म्हणून, पण मावशी कोणाचं ऐकतात!

१९ जानेवारी

इथलं आकाश म्हणजे नारिंगी दुलई. डोळ्यांना मोजकेच तारे दिसतात. पण दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यापुढे फिल्टर लावला की शहराचा बराचसा उजेड गाळला जातो आणि तेजोमेघाची लाली तेवढी आत येते. मृगातल्या मोठ्या तेजोमेघाचे रात्रभर फोटो काढायचे आणि सगळे एकावर एक रचायचे. जे हलतं, म्हणजे विमान, पाखरू, ते या रचण्यात गळून जातं. जे जागचं हलत नाही तेच उरतं.

एकच कटकट आहे. जिन्याच्या तोंडाशी तो बल्ब थेट दुर्बिणीवर मारा करतो. पुठ्ठा लावून पाहिला, तरी भिंतीवरून उजेड येतोच.

२३ जानेवारी

आज बल्ब काढून ठेवला. दाबून फिरवला की निघतो, होल्डर थोडा करकरतो इतकंच. मावशी आठलाच चहा देऊन गेल्या होत्या, आता कोण येणार? पहाटे परत बसवला. कोणाला पत्ताही नाही.

आणि फोटो! तेजोमेघाच्या कडेच्या पाकळ्यासुद्धा उमटल्यात. आता अमावास्येपर्यंत रोज असंच करायचं.

२६ जानेवारी

आजचं लिहूनच काढतो.

आज मावशींना चहाला उशीर झाला. मला वाटलं, आता येत नाहीत. बल्ब काढून टेबलावर ठेवला आणि कामाला लागलो. थोड्या वेळाने जिन्यात धप्पकन आवाज झाला आणि पेला पायऱ्यांवरून गडगडत गेला. लिहायची लाज वाटते, पण मी आधी लॅपटॉपच्या स्क्रीनकडे पाहिलं. दुर्बीण हलली, फोटो बिघडला, हेच पहिल्यांदा मनात आलं.

मग टॉर्च घेऊन धावलो. मावशी वळणावर पडल्या होत्या, डोळे उघडे. खाली दाराची कडी वाजली. मी मावशींना हात लावला नाही. परत खोलीत पळालो, बल्ब आणला आणि बसवला. आधी बल्ब, मग मावशी.

लख्ख उजेडात सगळे धावत आले. दवाखान्यात नेता नेता मावशी गेल्या.

२८ जानेवारी

त्या दिवशी संध्याकाळी सासू-सुनेचं काहीतरी वाजलं होतं म्हणे. आता शेजारच्या बायका कुजबुजतात की दिवा चालू असताना म्हातारी पडलीच कशी, सुनेनेच ढकललं असेल. वहिनी रडून सांगतात, मी दार उघडलं तेव्हा अंधार होता, दिवा मागाहून पेटला. कोणी ऐकत नाही. सगळ्यांनी दिवा पाहिलाय.

गोपालभाऊंनी मला चारचौघांत विचारलं, दिवा चालू होता का. मी हो म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अंधार व्हता भाऊ. मी खोटं नही बोलस." मी मान खाली घातली. हलकट माणूस आहे मी.

३० जानेवारी

त्या रात्रीचे फोटो रचून पाहिले. का पाहिले? मन दुसरीकडे वळावं म्हणून. आजवर काढलेल्यांत सगळ्यात सुंदर फोटो तोच आलाय. मला भडभडून आलं.

कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग काढायला झाकण लावून काही काळे फोटो घ्यावे लागतात. कॅमेरा खोलीत टेबलावर ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि घेतले. त्यांत काही दिसायला नको. पण रचल्यावर आडव्या फिक्या रेघा आल्या. झाकणाच्या फटीतून उजेड शिरला असेल.

१ फेब्रुवारी

झाकणावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. वर दोन घोंगड्या टाकल्या.

रेघा म्हणजे पायऱ्या आहेत. आपला जिना आहे. वळणावर कोणीतरी पडलेलं आहे.

सगळं पुसून टाकलं. झोप न झाल्यामुळे डोळे काहीही दाखवतात. मिलमध्येही आज तांबडा आणि मरून एकच वाटत होते, साहेब ओरडले.

३ फेब्रुवारी

परत घेतले. राहवत नाही.

आता पडलेलं नाही. बसलेलं आहे. रचण्यात तेच उरतं जे जागचं हलत नाही— मग एवढा वेळ न हलता कोण बसलंय?

सकाळी उठलो तर बल्ब टेबलावर होता. मी काढलेला नाही. त्या रात्रीनंतर मी त्या होल्डरला हातही लावलेला नाही.

४ फेब्रुवारी

दहावा झाला. गोपालभाऊ वहिनींशी बोलत नाहीत. तेरावा उरकला की त्यांना कायमचं माहेरी सोडणार आहेत. पोलिसांत जात नाही हेच उपकार समज, असं म्हणाले म्हणे.

माझ्या एका वाक्यात हे सगळं थांबेल. ते वाक्य घशाशी येतं आणि मी पाणी पितो.

आज काळ्या फोटोत मावशी उभ्या आहेत. हातात पेला.

५ फेब्रुवारी

कॅमेऱ्याची वायर काढली. खोक्यात भरून खोकं बांधलं.

तरी लॅपटॉपवर नवे फोटो. मावशी वरच्या पायऱ्यांवर—

बल्ब पुन्हा टेबलावर. कोमट.

६ फेब्रुवारी

आता जिन्याच्या तोंडाशी.

चेहरा रागावलेला नाही. तेच सहन होत नाही. नुसत्या चाचपडतायत, एक हात भिंतीवर—

७ फेब्रुवारी

तेरावा झाला. खाली वहिनी ट्रंक भरतायत, झाकण आपटल्याचा आवाज येतो. सकाळची गाडी आहे.

सांगतो. आत्ता खाली जाऊन गोपालभाऊंच्या पाया पडतो. जिन्यातला बल्ब मघाशीच नीट बसवून आलो, दोनदा दाबून पाहिला. दाराखालून उजेडाची रेघ दिसतेय, तोवर निघायला—

होल्डर करकरला.

रेघ गेली.

बल्ब माझ्यासमोर टेबलावर आहे. गरम. लॅपटॉपच्या उजेडात लिहितोय.

आल्याचा वास— दाराशी पेला ठेवल्याचा आवाज— "अंधारामा काय देखस रे भाऊ? दिवा लाव ना."

खाली जायचा रस्ता तोच, मावशी. तोच एक—

ओरडतोय, आवाज फुटत नाही. निदान लिहितो. योगितावहिनी, तुम्ही खरं बोलत होतात. दिवा चालू नव्हता. गोपालभाऊ, वहिनींना पाठवू नका, तो दिवा मी—