मुहूर्ताची स्टुलं

६ ऑक्टो.
कंपनीतल्या म्हात्रेची बायको वंदना पडली, नावड्याला घरी. पंखा पुसायला चढली, स्टुलाचा पाय कडकन मोडला. खुब्याचं हाड गेलं. आणि प्लास्टिकचं ते स्टूल आमच्याच कंपनीचं! दसऱ्याला मशीनची पूजा चालू असतानाच पहिली निघतात ती मुहूर्ताची स्टुलं, प्रत्येकाच्या घरी एक. माझं आईकडे दिलंय, कोपरखैरण्याला.
हॉस्पिटलात वंदना रडत होती. "पूजेच्या वस्तूवर पाय दिला ना ताई, म्हणून झालं."

७ ऑक्टो.
लॅब. मोडक्या पायाचा पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली धरला. बाप रे! आपल्या मालात स्फटिक कसे, रव्यासारखे बारीक, एकमेकांत घट्ट. इथे मोठाले गोळे, आणि चीर बरोब्बर त्यांच्या मधून गेलेली. पीपीत, म्हणजे स्टुलाच्या मूळ प्लास्टिकात, मिसळलेलं पॉलिथिन वेगळं पडून थेंब थेंब झालंय. म्हणजे माल सावकाश थंड झाला. पण साचा गार ठेवणारा चिलर तर...
म्हात्रेला विचारलं, मशीन तोच चालवतो.
"चिलरवर हार होता मॅडम. आरती होईस्तोवर चालू कसा करनार? पहिली स्टुलं तशीच काढली. दरवर्षी असंच हाय."
दरवर्षी नुसतं पीपी असायचं रे, सावकाश गार झालं तरी टिकायचं. पॉलिथिन यंदा आलं.

८ ऑक्टो.
साहेबांना म्हटलं, सगळी स्टुलं परत मागवा. "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर! घरोघर साफसफाई चाललीय, जो तो माळ्यावर चढतोय! मीच फोन लावत सुटले. निम्मे हसले. आई पण तेच, "मुहूर्ताचं कुणी परत देतं का? कालच माळा काढला मी त्याच्यावर उभी राहून."
संध्याकाळी गेले, वंदनाचं सगळं सांगितलं, तिच्यादेखत स्टुलावर हातोडा घातला. एका घावात पाय गेला. आईने तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाली, "बाई गं, म्हणजे त्या पोरीची काहीच चूक नाही. सांगितलंस तिला?"

९ ऑक्टो.
हॉस्पिटल. आधी म्हात्रेला बाहेर गाठून सगळं सांगितलं. पांढराफटक पडला. "तिला नका सांगू मॅडम. चिलर मी बंद ठेवला, तिला कळलं तर..."
आत वंदना नवस बोलत होती. हाड जुळलं की अनवाणी देवळात जाणार, माफी मागायला. मी खाटेपाशी गेले. म्हात्रे दारात हात जोडून उभा.
"ताई, बसा ना. काय बोलायला आलात?"