पांढऱ्या फरशीवर एक थेंब नाही

२ फेब्रुवारी
विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. चुलतभाऊ धर्मेंद्र याने शहाद्यात बंगला बांधला. आज वास्तुशांत. मी ब्राह्मणपुरीहून बाबांच्या जुन्या विलायती मोटारसायकलवर गेलो आणि त्याच्या पांढऱ्या फरशीच्या पोर्चमध्ये मानाने लावली. डायनॅमोच्या बाजूने तेल गळतं. थोडंच. तर या माणसाने पंगतीतलं केळीचं पान उचललं, गाडीखाली मांडलं आणि म्हणाला, "दादा, गाडीबी पाव्हनी शे. तिले पान नको का?" पंगत हसली. माझी बायको मंगलासुद्धा. पदराआड, पण हसली.
सोडणार नाही.

३ फेब्रुवारी
ठरलं. १ मार्चला धर्मेंद्रच्या लेकीचा, हेमांगीचा साखरपुडा, त्याच बंगल्यात. त्याच फरशीवर दिवसभर गाडी लावणार. एक थेंब पडणार नाही. मग सगळ्यांसमोर त्याच्याकडे पान मागणार. बाबांनी जाताना ही गाडी माझ्या हातात दिली होती. तिच्यावर हसले म्हणजे बाबांवर हसले.
घरात जाहीर केलं, थेंब पडला तर गाडी भंगारात. मंगलाने विचारलं, खरंच ना? फार आशेने विचारलं. तिच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

९ फेब्रुवारी
सुरतहून एसटीने दुसरा डायनॅमो आला. जुना कधीच मेलाय, हेडलाइट नुसता शोभेला. मेकॅनिककडे नेणार नाही. शहाद्यातले सगळे धर्मेंद्रच्या ओळखीचे, बातमी फुटेल. यूट्यूबवर एक इंग्रज म्हातारा बसवून दाखवतो. बोलणं समजत नाही, पण हात दिसतात. उद्यापासून काम.

१० फेब्रुवारी
उद्यापासून.

१६ फेब्रुवारी
सुरू! आधी गाडीतलं सगळं तेल डब्यात काढलं, म्हणजे काम करताना सांडायला नको. याला म्हणतात पद्धत. डबा ओट्यावर ठेवला.

१७ फेब्रुवारी
जुना डायनॅमो निघेना. धर्मेंद्रचं तोंड डोळ्यांसमोर आणून हातोडी मारली. निघाला.

१९ फेब्रुवारी
नवा बसतो, पण मध्ये फट राहते. गॅस्केट हवं. जाड, चिवट कागद कुठून आणू म्हणतोय, तोच साखरपुड्याची पत्रिका आली. काय तिची जाडी! मापाने कापली. धर्मेंद्रचं नाव बरोबर तिथे आणलं, जिथून तेल येतं. घे बेट्या, आता तूच अडव.

२१ फेब्रुवारी
गॅस्केट चिकटवायचं कशाने? बाजारातली ट्यूब सगळेच लावतात आणि सगळ्यांच्याच गाड्या गळतात. आपल्या बागेत केळीचा चीक आहे की! कपड्याला लागला तर शर्ट फाटतो पण डाग जात नाही. तेलाची काय बिशाद! एक घड कापून वाटीभर धरला, गॅस्केटला दोन्हीकडून फासला, पट्टा आवळला.
थोडा शर्टावर उडाला. साखरपुड्यासाठी शिवलेला पांढरा शर्ट. मंगला विचारते, गाडीचं काम करताना तो कशाला घातला होता? गाडीसोबत कसा दिसतो ते बघत होतो. यात ओरडण्यासारखं काय आहे?

२२ फेब्रुवारी
रात्री गाडीखाली पेपर पसरून ठेवला होता. सकाळी कोरा! वाकून पाहिलं, हात फिरवून पाहिला, वास घेतला. एक थेंब नाही. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मंगलाला बोलावून दाखवलं. ती म्हणते, "तो तेलना डबा ओटावरच शे. त्यानं काय करू?"
अशा क्षणी डबा! तांत्रिक गोष्टीत पडू नकोस, दाराच्या बिजागरीला घाल, म्हटलं.

२५ फेब्रुवारी
आज पुन्हा कोरा. गाडी मिनिटभर चालू केली. चार्जिंगचा काटा हलला, हेडलाइट लागला. लगेच बंद केली. बाकीचा पराक्रम धर्मेंद्रसमोर.
आरशापुढे वाक्याचा सराव केला. "धर्मेंद्र, पान आण." फार साधं वाटतं. "धर्मेंद्र, आज पान नाही का मांडत?" हे लागेल.

१ मार्च, सकाळी
निघतो. मंगला शेजाऱ्यांच्या जीपमधून येणार. डागाचाच शर्ट घातला. चीक काळा पडलाय, पण आज कोणी शर्टाकडे बघणार नाही. ही वही बरोबर घेतली. असे क्षण शिळे करून लिहायचे नसतात.

१ मार्च, दुपारी, धर्मेंद्रची गच्ची
जिंकलो! वाटेत इंजिनाचा आवाज वेगळाच येत होता, खणखणीत. तापलीही चांगली. डायनॅमोचा जोर. पोर्चमध्ये लावली. जेवणं झाली तरी फरशी कोरी. पाहुणे वाकून बघून गेले. मुलाचे वडीलसुद्धा वाकले. मग मी माझं वाक्य टाकलं. धर्मेंद्रचं तोंड उतरलं. म्हणाला, "मानलं दादा तुले." दोनदा म्हणायला लावलं. आज श्रीखंडाच्या तीन वाट्या खाल्ल्या.

१ मार्च, संध्याकाळी
किक हलत नाही. उभा राहिलो तिच्यावर, तरी नाही. गिअर टाकून चौघांनी ढकललं, मागचं चाक नुसतं घासत गेलं. इंजिन जाम. धर्मेंद्रने तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, आत बोट घातलं. कोरडं बोट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हसला नाही. हसला असता तर फार बरं झालं असतं.
त्याने केळी वाहायचा टेम्पो मागवला. गाडी ठेवण्याआधी आत केळीची पानं अंथरली, घडांखाली घालतात तशी जाड. म्हणाला, "काकानी गाडी शे, ओरखडा पडाले नको." वाटेत सांगत होता, काकांनी त्याला याच गाडीवर शिकवलं, मागे धरून पळायचे म्हणे. मला बाबांनी कधी धरलं नव्हतं. मी दोनदा उसात पडलो होतो.
मंगला आधीच घरी पोचली होती. दारात उभी, हातात तेलाचा डबा. "आते टाकू का?"

२ मार्च
शांतपणे विचार केला. अट थेंबाची होती. थेंब पडलेला नाही. तेव्हा गाडी भंगारात जाणार नाही, शब्द म्हणजे शब्द. इंजिनाबद्दल मी काही बोललोच नव्हतो.
काल धर्मेंद्रने मुद्दाम चांगुलपणा केला, सगळ्यांदेखत. याचाही बदला घेणार. उद्यापासून त्याच्याशी बोलणं बंद.
उद्या नको. गाडी अजून टेम्पोतच आहे आणि उतरवायला तो सकाळी येतो म्हणालाय. परवापासून.