तळघरातला ज्ञानरक्षक

श्रीमत् सप्तसरोवरविहारी, मत्स्यकुलसंहारक, एकवार-बिंगोविजयी, महाविद्यालयनियुक्त ज्ञानरक्षक, सलोखा-कार्यशाळा-धुरंधर अल्फॉन्स महोदय यांजकडून अग्रभगिनी फिलोमेन हिच्या चरणी साष्टांग दंडवत. चरणांनी लाथ न मारावी ही विज्ञप्ती.

प्रिय ताई,

पदव्यांची ही पताका पाहूनच तू ताडले असशील की धाकट्याच्या हातून काहीतरी प्रमाद घडला आहे. घडला आहे. जी गोष्ट तुझी होती, ती तुला न विचारता मी परक्यांना सांगितली.

आमच्या सॅस्काटूनच्या कॉलेजात दर वर्षी तीन दिवस प्राध्यापक आणि कर्मचारी वर्तुळात बसतात, सुगंधी गवताचा धूर घेतात (अग्निशमन विभागाच्या लेखी अनुमतीने) आणि आम्हा क्री आदिवासींशी सलोखा करतात. यंदा लेखाशास्त्राच्या गॅरीने पहिल्याच दिवशी विचारले, “हे सर्टिफिकेट किती वर्षं चालतं हो?” तीन, म्हटले. “म्हणजे तीन वर्षांनी परत सलोखा करायचा?” मी म्हणालो, “तोवर आम्हीच संपलो तर तुम्हाला सूट.” सगळे हसले. एका बाईंनी ते वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी तंबाखूचा रिवाज शिकवला. कुणाकडे काही मागायचे तर फडक्यात बांधलेला तंबाखू त्याच्या तळहातावर ठेवावा. त्याने मूठ मिटली की तो माणूस शब्दाने बांधला गेला. सर्वांनी परस्परांवर मनोभावे सराव केला. एवढे आज्ञाधारक विद्यार्थी मला पूर्वी लाभले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या एका मुलीने विचारले, “सर, तुम्ही स्वतः कुठल्या निवासी शाळेत होता?” आपल्या पोरांना घरातून उचलून नेऊन त्यांची भाषा मोडणाऱ्या त्या शाळांचा प्रश्न आला की मी विनोदाने बगल देतो, हे तू जाणतेस. त्या दिवशी विनोद सुचला नाही. तोंडातून निघाले, “मी नव्हतो. मी बटाट्यांच्या तळघरात होतो.” मग सगळेच निघाले. सप्टेंबर, पाद्र्याची गाडी, यादीत आपली दोन नावे. नऊ वर्षांची तू तळघराच्या झडपेवर पाय रोवून म्हणालीस, “धाकटा मामाबरोबर सापळे लावायला गेलाय.” आणि एकटीच गाडीत बसलीस. फळ्यांच्या फटीतून मला तुझे तळवे हललेले दिसले. सात वर्षांनी परतलीस तेव्हा आईने क्रीत हाक मारली आणि तू इंग्रजीत ओ दिलीस. ती भाषा माझ्याजवळ राहिली, म्हणून मी ज्ञानरक्षक! ज्याचे स्वतःचे रक्षण एका पोरीच्या दोन पायांनी केले, त्याला हे बिरूद.

कॉलेजच्या अधिष्ठाता ब्रॅडॉक बाई उठल्या. त्यांनी लाल फडक्यातला तंबाखू माझ्या तळहातावर ठेवला, यथाविधी, अगदी मी शिकवला तसा. म्हणाल्या, “अल्फॉन्स, ही गोष्ट दर वर्षी नव्या लोकांना सांगाल?” आणि ताई, मी मूठ मिटली. सवयीने, असे सांगायला आवडले असते. खरे कारण असे की एकोणीस वर्षांत त्या इमारतीत कुणी मला रीतसर काही मागण्याची ती पहिली वेळ होती. मी त्या मानाला भुललो.

एवढेच असते तर ख्रिसमसला तुझ्या शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. परंतु गेल्या मंगळवारी नव्या कर्मचाऱ्यांची यादी आली, आणि त्यात तुझी लेक जोलीन आहे. पोरीने मला चकित करायला लपवले असेल. तुला क्री येत नाही कारण तू आळशी, असे तू तिला सांगितलेस आणि तिने ते मानले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या लोकांचे वेगळे वर्तुळ भरेल, त्यात ती माझ्यासमोर बसेल. नावे बदलून उपयोग नाही. त्या झडपेवर ती लहानपणी नाचली आहे. तीस अनोळखी माणसांत तिने हे ऐकण्याआधी तू तिला सांगावेस, हे मागायला हे पत्र. सोबत चिमूटभर तंबाखू पाठवत आहे. मूठ मिटायची नसेल तर परत पाठव. मग मी ब्रॅडॉक बाईंचा शब्द मोडेन आणि त्याचे जे व्हायचे ते माझे होईल.

तुझाच, तू लपवलेला,
अल्फॉन्स

ता. क. कॉलेजने दिलेल्या माझ्या पार्किंगच्या पासवर ‘पाहुणा’ असे छापले आहे. तीन अर्ज केले. बदलून देत नाहीत.