तपासणीत पास झालेले स्कोन्स

३ मार्च, सोमवार
काल जेवताना मेहुणी म्हणाली, भावजींना चहासुद्धा धड गाळता येत नाही. सगळे हसले. बायको जरा जास्तच हसली. तिथेच जाहीर केलं, रविवारी चहाला ये, माझ्या हातचे स्कोन्स खायला घालतो. स्कोन म्हणजे काय, ते नंतर पाहिलं. बिस्किट आणि पाव यांच्या मधलं काहीतरी. मैदा, लोणी, दूध, बेकिंग पावडर. अवघड काय त्यात? आता माघार नाही, इज्जतीचा प्रश्न आहे.

५ मार्च, संध्याकाळी ६
पहिली बॅच. पुस्तकात लिहिलंय, पिठाला हात कमी लावा. हा सल्ला आळशी लोकांसाठी असणार. मी घाम येईपर्यंत वीस मिनिटं मळलं. पंपाच्या कारखान्यात अठरा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, अर्धवट काम जमत नाही. ओव्हनचं दार दर दोन मिनिटांनी उघडून तपासणी केली. स्कोन्स फुगले नाहीत. ओव्हन जुना झालाय.

७ मार्च
दुसरी बॅच. अर्धा तास मळलं, तपासणी दर मिनिटाला. मुलीने एक घास घेतला आणि विचारलं, बाबा, दुसऱ्या बाजूच्या दाढेने बघू का? हल्लीच्या मुलांना चावायची सवयच नाही. बायको म्हणाली, दार जरा बंद ठेवून बघा ना. न बघता माल पास कसा करायचा?

९ मार्च, दुपारी ३
अंतिम बॅच तयार. सहाही नग एकसारखे. पास केले. आंघोळीला जातो.

संध्याकाळी ७
जिंकलो! मऊ, लुसलुशीत. मेहुणीने तीन खाल्ले. मनुका कधी घातल्या, असं विचारलं. शेवटच्या टप्प्यात, मी म्हणालो.
मनुका मी घातल्याच नव्हत्या. उष्णतेने काहीतरी होत असावं.

१० मार्च
सिंकखाली माझे सहाही नग सापडले. शेजारी बेकरीची पिशवी. बायकोला विचारलं. म्हणाली, तुमची आंघोळ लांबते म्हणून वेळ मिळाला. खूप ओशाळलो. मला वाटत होतं तिला माझी फजिती बघायचीय, आणि ती भर उन्हात माझ्यासाठी बेकरीत पळाली होती.
तेवढ्यात मेहुणीचा फोन. येत्या रविवारी ती शिकायला येतेय, भावजींच्या शेजारी उभं राहून. बायको हो म्हणून मोकळी झाली. मला म्हणाली, या वेळी आंघोळ सकाळीच उरका.
दार न उघडण्याचा सराव सुरू केलाय. आज रिकाम्या ओव्हनसमोर चार मिनिटं टिकलो.