देवीची बराक

७ फेब्रु. १९४९, कल्याण कॅम्प
आज पुन्हा तीन मुलांना देवी निघाल्या. आता हुकूमच आलाय. पुरळ दिसला की नर्सने कळवायचं, मूल त्याच दिवशी ओढ्यापलीकडच्या वेगळ्या बराकीत. आईबापांनी तारेच्या कुंपणाबाहेर थांबायचं. डॉ. म्हणाले, "बाई, एकही घर सोडू नका." एकेका बराकीत निर्वासितांची कितीतरी कुटुंबं, मध्ये नुसते गोणपाटाचे पडदे.
बेलवलीला घरी जाणं बंद. मला टोचलेलं आहे, पण आई म्हणते, कपड्यांतून आणशील. दादाचं बाळ तान्हं. बरोबरच आहे तिचं.

९ फेब्रु.
गोपीबाईकडे गेले. कराचीहून आलेली, चार वर्षांचा मोहन सोडून कुणी नाही. मला 'अदी' म्हणते, म्हणजे ताई. एरवी बळेच बसवून पापड देते. आज दारातच उभी. "मोहन मामा के पास गया." मामा कुठला?
पडद्यामागे मूल कण्हत होतं. मी तशीच पुढच्या घरी गेले. का गेले कोण जाणे.

१० फेब्रु.
सकाळी सरळ आत जाऊन पडदा सारला. मोहनच्या तोंडावर, तळहातांवर पुरळ. गोपीबाईने माझं मनगट धरलं. बंदरावरच्या गर्दीत तिच्या नवऱ्याचा हात सुटला, तो माणूस आजवर सापडलेला नाही. "अदी, एक बार हाथ छूटा तो फिर नहीं मिलता. दो दिन ठहरो."
पण नळावर तिच्या मागेपुढे बायका असतात. शेजारच्या पडद्याआड पाळण्यातली मुलगी.
दुपारी डॉ.ना सांगितलं. मोहनला स्ट्रेचरवर नेलं तेव्हा ती रडली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

१२ फेब्रु.
गोपीबाई कालपासून तारेपाशी बसून आहे, खात नाही. आत मुलं भरलेली, कामाला ठेवलेल्या आया दोघीच, त्यातली एक भीतीने यायचीच बंद झाली. मोहन पाणी मागतो आणि द्यायला वेळेवर कुणी...
कॅम्पात आता मला बघून दारं लागतात. "सब ठीक है, सिस्टर." आतली किती मुलं तापलेली असतील? कळवलं म्हणून लपवतात, न कळवावं तर पसरणार.

१३ फेब्रु.
डॉ.शी बोलले. गोपीबाईच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. लहानपणी येऊन गेल्या, पुन्हा बहुधा यायच्या नाहीत. तिला आत घेऊ या.
"नियमात नाही. एकीला घेतलं की सगळ्या येतील."
"येऊन गेलेल्याच घेऊ. पाणी पाजायला माणूस नाही, साहेब."
शेवटी म्हणाले, "वर विचारत बसलो तर साथ संपेल. घ्या. पण आत गेलेली साथ सरेपर्यंत बाहेर यायची नाही. आणि लेखी मी काही देणार नाही."
गोपीबाईला सांगितलं. ती चप्पलसुद्धा न घालता आत गेली.

१६ फेब्रु.
ती सगळ्याच मुलांचं करते. पाणी, पेज, अंगाखालची चादर. काल एक म्हातारा आपणहून नातीला घेऊन आला, बरोबर वणांची आजी. आपणहून कुणी आलं ते हे पहिलंच.
मोहनचा ताप उतरतोय, पण डोळे खपल्यांनी मिटलेत. डॉ. बॅटरी लावून बघतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. दिसेल का, हे विचारायची हिंमत होत नाही.

१९ फेब्रु.
उद्या मुंबईहून मोठे साहेब तपासणीला. डॉ. म्हणाले, "उद्यापुरत्या त्या बायकांना बाहेर काढा. संध्याकाळी परत घेऊ."
"आत गेलेली बाहेर नाही, हे तुम्हीच ठरवलंत. आणि परत घेणार कशावरून?"
"मग काय करू, तुम्ही सांगा." खरंच घाबरलेले दिसले.
गेले गोपीबाईला सांगायला. बोरिकच्या पाण्यात बोळा भिजवून ती मोहनचा डावा डोळा पुसत होती. पापणी जराशी सुटली. "हिलना मत," ती त्याला म्हणाली, मग मला, "खिडकी से हटो, सिस्टर, उजाला आने दो."
बाजूला झाले. मोहनने मान वळवली. उजेडाकडे वळवली की आईच्या आवाजाकडे, समजलं नाही.
साहेब सकाळी आठला येणार. तिला अजून सांगितलेलं नाही.